घोट्यावरचा पट्टा

कौस्तुभ नाटेकरच्या पायांवर डोकं ठेवायला वाकताना अभयबुवा खांबेटे मनातल्या मनात म्हणाले, हा नमस्कार गादीला आहे, तुला नाही.

रीतच तशी आहे. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा आहे तोवर त्याचं वय बघायचं नाही. आरती झाली की गुरूनं शिष्याच्या पाया पडायचं, बापानं लेकाच्या. अभयबुवांनी स्वतः हे निरूपणात कितीदा तरी सांगितलं होतं, आणि सांगताना ते खरोखर गहिवरून जायचे. पण आपल्याहून दहा-अकरा वर्षांनी धाकट्या गुरुबंधूपुढे वाकायची पाळी आली, की त्यांची कंबर लवकर वाकत नसे.

त्या दिवशी तर कौस्तुभ तीन तास उभा होता. पूर्वरंगात एक पाऊल इकडचं तिकडे नाही, उत्तररंगात आख्यान अगदी शेवटच्या शब्दापर्यंत रंगवलेलं. देवळातले श्रोते वेगळे, आणि घरोघरी भिंतीवरच्या पडद्यावर ऐकणाऱ्यांचा आकडा खांबावरच्या पाटीत सारखा चढत होता. अभयबुवांनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर पाच मिनिटांनी बघितलं होतं.

वाकल्यावर त्यांना तो पट्टा दिसला. धोतराच्या काठाखाली, घोट्याच्या आतल्या बाजूला, करड्या रंगाचा, मऊ, त्यावर मोहरीएवढा हिरवा दिवा.

अच्छा, असं आहे तर, असं त्यांच्या मनात आलं. वर येताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की कौस्तुभला वाटलं दादांना आख्यान आवडलं.

तो पट्टा कशाचा, ते अभयबुवांना विचारावं लागलं नाही. गेलं वर्षभर ते दुसरं काही वाचतच नव्हते.

वर्षभरापूर्वी त्यांना घाईची लघवी लागायला सुरुवात झाली होती. म्हणजे आत्ता काही नाही, आणि दुसऱ्या क्षणी आत्ताच्या आत्ता. दाराच्या कुलपात किल्ली फिरवताना लागायची, नळ सोडला की लागायची. साठीच्या घरातल्या माणसाला हे कुणाशी बोलायचं कळत नाही. आणि त्यातून तो कीर्तनकार. त्यांच्या गुरूंची, अण्णांची, शिस्त कडक होती: नमनापासून आरतीपर्यंत गादी सोडायची नाही. तीस वर्षं अभयबुवांनी ती मोडली नव्हती. मग गेल्या दत्तजयंतीला भर आख्यानात ते शब्द अर्धा टाकून देवळामागे धावले. लोकांना वाटलं, बुवांना भाव अनावर झाला. बायकांनी डोळे पुसले. महिन्याभरानं पुन्हा तसंच झालं, तेव्हा मात्र कुणी डोळे पुसले नाहीत, आणि मंदिराचे विश्वस्त बापूसाहेब गुळवणी हळूच म्हणाले की यंदाच्या रामनवमीचं जन्माचं कीर्तन कौस्तुभबुवांना द्यावं का, असा एक विचार चालला आहे.

सांगलीच्या अलीकडच्या त्या गावात जन्माचं कीर्तन म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. भर दुपारी बारा वाजता ज्याच्या तोंडून रामजन्म होतो, तो वर्षभर गावाचा बुवा. अण्णांच्या मागे ते कीर्तन अभयबुवांचं होतं. घर, बायको, नाव, सगळ्याच्या आधी त्यांचं काही होतं तर ते.

म्हणून त्यांनी कीर्तनाच्या दिवशी सकाळपासून पाणी तोडलं, चहा सोडला. कुठल्या देवळात स्वच्छतागृह कुठल्या बाजूला, हे त्यांना तिथल्या मूर्तीपेक्षा आधी आठवू लागलं. धार बारीक झाली होती, उभं राहून वाट बघावी लागायची, उठल्यावर पुन्हा जावंसं वाटायचं. त्यांची बायको मृणाल मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेऊ का म्हणून विचारून थकली. वयोमानाप्रमाणे असं चालायचंच, हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

आणि हा कौस्तुभ, यालाही तेच दुखणं, आणि हा तीन तास उभा.

पट्ट्याची युक्ती तशी साधी होती. मूत्राशय भरत आलं की तिथल्या नसा पाठीच्या कण्यात निरोप पाठवतात आणि तिथून तो मेंदूकडे जातो. काही माणसांचं मूत्राशय चिडखोर होतं; अर्धंसुद्धा भरलेलं नसताना ते भरलो, भरलो म्हणून ओरडत सुटतं. आता गंमत अशी की घोट्याजवळून जाणारी एक नसही कण्यात त्याच आळीला येऊन मिळते. तिला बारीक, न बोचणारे विजेचे ठोके दिले, तर त्या आळीत आधीच वर्दळ होते आणि मूत्राशयाची ओरड पुढे जाताना दबते. पूर्वी त्यासाठी दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्यावी लागे. आता बेंबीखाली एक पातळ चकती चिकटवायची. ती ध्वनिलहरींनी मूत्राशय किती भरलंय ते मोजते, घोट्यावरच्या पट्ट्याला कळवते, आणि पट्टा त्या मानानं ठोके कमीजास्त करतो. एका मर्यादेपलीकडे भरलं, की चकती पट्ट्याला गप्प करते आणि माणसाला जाऊ देते.

डॉक्टर तपासून लावायचे तो पट्टा वेगळा. तसाच एक उघड्या बाजारातही मिळू लागला होता. तो घरपोच यायचा, आणि सुरू करण्याआधी फोनवर गोड आवाजात चार प्रश्न विचारायचा. लघवीत कधी रक्त दिसलं का? लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का, जोर करावा लागतो का? झाल्यावरही पूर्ण झाली नाही असं वाटतं का? ताप, जळजळ, पाठीत दुखणं? एकाचंही उत्तर हो आलं तर पट्टा चालू होत नसे आणि आधी डॉक्टरांना भेटा म्हणून सांगे.

अभयबुवांनी देवघराचं दार लोटून घेतलं आणि चारही वेळा नाही म्हटलं. दुसऱ्या प्रश्नाला ते जरा थांबले होते. मग त्यांच्या डोळ्यांपुढे खांबावरच्या पाटीतला चढता आकडा आला.

पहिल्याच कीर्तनात चमत्कार झाला. पूर्वरंग सरला, बुक्का लावून झाला, उत्तररंग चढला, आणि मूत्राशयानं ब्र काढला नाही. बुवांचा आवाज मोकळा लागला. आरती झाली तेव्हा लोक म्हणाले, पंधरा वर्षांपूर्वीचे बुवा आज दिसले. बापूसाहेबांनी जन्माच्या कीर्तनाचा विषय पुन्हा काढला नाही. चैत्राचं नवरात्र लागलं, पहिल्या आठ दिवसांची कीर्तनं दोघा गुरुबंधूंत आलटून पालटून ठरली, आणि नवमी अभयबुवांकडेच राहिली.

एवढं मिळूनही मत्सर गेला नाही, उलट त्याला खतपाणी मिळालं. कौस्तुभची एक लकब बुवांना आता फारच खुपू लागली. पूर्वरंग संपला की तो गावच्या भजनी मंडळातल्या बायकांना पुढे बोलवायचा, आता तुमचं एखादं होऊ द्या म्हणायचा, आणि स्वतः गादी सोडून खांबाआड दिसेनासा व्हायचा. लोक भारावून जायचे. केवढा मोठेपणा म्हणायचे. बुवा घरी येऊन मृणालला सांगायचे की हा सगळा देखावा आहे. अण्णा असते तर गादी सोडल्याबद्दल त्याला देवळाबाहेर काढलं असतं. मी पट्टा बांधून का होईना, उभा राहतो. हा पट्टा बांधूनही पळतो, आणि टाळ्या यालाच.

मृणालचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतं. ती त्यांच्या पोटाकडे बघत होती. जेवण निम्म्यावर आलं होतं, आणि बेंबीखाली मात्र फुगवटा दिसत होता. तिनं तसं म्हटलं. चैत्रातला वायू आहे, म्हणून त्यांनी ओवा मागितला.

आता इथं जे झालं, ते कीर्तनकाराच्याच बाबतीत होऊ शकतं. गादीवर उभं राहताना उपरणं कमरेला करकचून बांधायची पद्धत आहे, अभयबुवांची गाठ तर अण्णांच्या तालमीतली. त्या गाठीखाली चकती रोज वर सरकत होती. सरकून ती आतड्यांवर येऊन बसली होती, आणि आतड्यांतला वारा मोजून पट्ट्याला कळवत होती की मूत्राशय रिकामं आहे. पट्टा ठोके देत राहिला. ओरडणारा गप्प, मोजणारा आंधळा, आणि बुवा आनंदात. थोडीफार लघवी व्हायची ती भरून वाहणाऱ्या टाकीसारखी, वरची वर. बाकीची आत साठत होती, आणि तिचा दाब मूत्रपिंडांकडे उलटा चढत होता.

पाचव्या माळेला संध्याकाळचं कीर्तन अभयबुवांनी गाजवलं. आरती झाली, आणि पाया पडणाऱ्यांच्या रांगेत कौस्तुभ आला. हा क्षण बुवांच्या आवडीचा. त्यांनी मुद्दाम पाय जरा पुढे केले.

कौस्तुभ वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याचा अंगठा बुवांच्या सुजलेल्या घोट्यावर रुतला होता, आणि उचलला तरी तिथला खळगा भरून येत नव्हता.

"दादा, हा पट्टा कुणी लावून दिला?"

"का? तू बांधलास तर चालतो वाटतं."

"तपासणी केली का आधी?"

बुवा हसले. म्हणाले, "गादीवर उभं राहायला सर्टिफिकेट लागत नाही, कौस्तुभ. लोकांना तुझ्याशिवायही कीर्तन ऐकायला आवडतं, हे दिसलं ना आज?"

कौस्तुभनं तो टोला घेतला नाही. त्यानं त्यांना हाताला धरून खांबाआड नेलं आणि शेवटची पोटभर लघवी कधी झाली म्हणून विचारलं. बुवांना सांगता येईना. खाली मान घालून त्यांनी आठवून बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली. कौस्तुभनं त्यांच्या पायाचा पट्टा काढला. काही मिनिटांत, इतके दिवस दाबलेली ती सगळी ओरड एकदम वर आली. बुवा भिंतीला धरून वाकले. लागली होती, पोट फुटेल इतकी लागली होती, आणि होत नव्हती. एक थेंब होत नव्हता.

चालकाविना धावणाऱ्या रिक्षेत बुवा मध्ये, मृणाल एका बाजूला, कौस्तुभ दुसऱ्या. मिरज येईपर्यंत कौस्तुभ बोलत राहिला, बहुतेक बुवांचं लक्ष पोटाकडे जाऊ नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी त्यालाही घाई लागायची. एकदा लघवी गुलाबी दिसली तेव्हा तो घाबरून डॉक्टरांकडे गेला. मूत्राशयात खडा निघाला. तो काढला, त्यानंतरही थोडी घाई राहिली, म्हणून डॉक्टरांनी मोजूनमापून पट्टा दिला, आणि सांगितलं की दीड तासाच्या वर ताणायचं नाही.

"मग मध्यंतरात त्या बायकांना बोलवतोस ते?" बुवांनी दातओठ खात विचारलं.

"मुतायला जातो, दादा. दुसरं काय."

मृणालला हसू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. बुवांना त्या यातनेतही वाटलं ते एवढंच, की याचं दुखणंसुद्धा आपल्यापेक्षा सरस निघालं.

डॉ. रुबीना मुजावर यांनी नळी घातली, आणि पिशवी भरली ती बघून नर्सनं दुसरी आणली. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं थकलेली दिसली. थकली होती, गेली नव्हती. प्रोस्टेट ग्रंथी वाढून वाट अडली होती. बुवांना दुसऱ्या दिवशी हुशारी आली तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. एक बाई आपल्याशी हे सगळं बोलणार म्हणून बुवा भिंतीकडे बघत होते. पण डॉक्टरांचं बोलणं असं होतं, की भिंतीकडे बघवेना.

"घाई लागणं हा निरोप असतो, बुवा. तो कशाचा हे घरबसल्या कळत नाही. कधी साखर वाढलेली असते, कधी जंतू, कधी खडा, कधी तुमच्यासारखं प्रोस्टेट. कधी नुसतीच पिशवी चिडलेली असते, तेव्हा पट्टा मीच बांधते. तुम्ही पाणी तोडलंत, त्यानं ती आणखी चिडली. आणि निरोप्याचंच तोंड बांधलंत."

कधी यायला हवं होतं, असं मृणालनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या की घाईच्या धाकानं कुठं जायचं, किती बसायचं, काय प्यायचं हे ठरू लागलं, की साधी वेळ घेऊन यावं. धार बारीक झाली, पूर्ण होत नाही असं वाटलं, तर ते आणखी लांबवू नये. रक्त दिसलं, किंवा जळजळीबरोबर थंडीताप आला, तर त्याच दिवशी. पायांतली शक्ती एकाएकी गेली, किंवा लघवी होतच नसली, तर वेळबीळ न घेता तडक.

"वर्षापूर्वी आला असतात," त्या म्हणाल्या, "तर रोजच्या एका गोळीवर भागलं असतं. आता गोळ्या देते, नळी नवमीच्या आदल्या दिवशी काढून बघू, आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन. ताणलेलं मूत्राशय सध्या बधिर आहे. घड्याळ बघून जायचं. आणि आपणहून हाक आली, तर हातातलं टाकून जायचं. ती हाक म्हणजे ते जिवंत असल्याची खूण. ती पुन्हा दाबलीत, तर मग कदाचित कायमची नळी."

बुवांनी एकच विचारलं: नवमीला उभा राहू का? डॉक्टरांनी नाही म्हटलं नसतं कदाचित. पण मृणाल आधी बोलली.

"तुमचं पोट मला दिसत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला फक्त कौस्तुभचे पाय दिसत होते."

जन्माचं कीर्तन कौस्तुभकडे गेलं. बापूसाहेब स्वतः दवाखान्यात येऊन सांगून गेले, आणि बुवांनी उत्तम, उत्तम म्हणून त्यांना निरोप दिला. नंतर बराच वेळ ते उशीच्या अभ्र्याचं टोक पिळत होते. नळी निघाली, थोडी थोडी होऊ लागली, मागे फारशी शिल्लक राहत नाही असं यंत्रानं दाखवलं. पण हाक काही आली नाही. घड्याळ बघून जायचं आणि कोऱ्या चेहऱ्यानं परत यायचं.

नवमीला मंडप ओसंडला होता. पाळणा फुलांनी मढवलेला, सुंठवड्याचा वास, गुलालाची ताटं झाकलेली. अभयबुवा पहिल्या रांगेत बसले, आणि कौस्तुभची प्रत्येक चूक टिपत गेले. चुका फार नव्हत्या, त्याचाच त्रास जास्त. बारा वाजायला थोडा अवकाश होता तेव्हा कौस्तुभनं निरूपण थांबवलं. आज त्यानं बायकांना बोलावलं नाही. तो गादीवरून खाली आला, हातातली झांज त्यानं अभयबुवांपुढे धरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की अण्णांचं पद अण्णांच्या थोरल्या शिष्याकडून ऐकू या. मग वाकून कानात पुटपुटला, "दादा, सांभाळा. मला बारापर्यंत निभणार नाही."

बुवा गादीवर उभे राहिले. पहिल्याच ओळीला मंडप शांत झाला. दुसऱ्या कडव्याला लोक डोलू लागले. तिसऱ्याला बुवांनी तान घेतली आणि तबलजीनं दाद दिली. कौस्तुभ परत आला, हात पुसत पायरीशी थांबला. रीतीनं पद तिथं संपवायला हवं होतं. बुवांनी चौथं कडवं घेतलं. मग पहिल्यावर पुन्हा आले. बापूसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं, बायकांनी पाळण्याची दोरी धरली, गुलालाच्या ताटांवरची फडकी निघाली. बुवांना कळत होतं, अजून दोन आवर्तनं ताणली की राम त्यांच्या तोंडून जन्मणार. कुणी अडवणार नव्हतं. पायरीशी हात जोडून उभा असलेला तो तर नाहीच नाही.

आणि त्याच क्षणी हाक आली.

आधी अंधुक, मग स्पष्ट. खाली खोल कुठंतरी काही जागं झालं आणि म्हणालं, आत्ता. बुवांचा सूर थरथरला. ज्या हाकेला ते वर्षभर शिव्या देत होते, ती कालपासून वाट बघायला लावून आज, इथं, याच मिनिटाला आली होती. दाबली तर दाबली जाईल, एवढी ती अजून दुबळी होती. समोर पाळणा होता. बुवांनी कौस्तुभकडे बघितलं, आणि त्यांना त्याचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

त्यांनी समेवर पद सोडलं. गादीवरून उतरले, झांज कौस्तुभच्या हातात कोंबली.

"वरचा षड्ज नीट लाव," ते म्हणाले. "नाहीतर नाव अण्णांचं जाईल."

गर्दीनं वाट दिली. बुवा धोतर सावरत मंडपातून निघाले, देवळाला वळसा घालून मागच्या स्वच्छतागृहात शिरले, भिंतीला हात टेकून उभे राहिले. काही झालं नाही. थोडं थांबले. तरी नाही. तिकडे कौस्तुभनं पद उचललं, चौघडा सुरू झाला, मंडपातून एकदम गर्जना उठली, राम जन्मला, आणि पाठोपाठ शेकडो हातांच्या टाळ्या. आणि इकडे, जोर न करता, आपली आपण, धार सुटली. बुवांना हात जोडायची सोय नव्हती. त्यांनी डोळे मिटले.

मंडपात कौस्तुभनं वरचा षड्ज लावला. किंचित उतरला होता, अगदी किंचित. अभयबुवांनी तो ऐकला, आणि त्यांना फार बरं वाटलं. नेमकं कशानं, ते त्यांनी रामालासुद्धा सांगितलं नाही.